उत्तर देता येईल अशी आठवण

रूट कॅनॉलच्या पहिल्या बैठकीनंतर दाताचा ठणका थांबतो, आणि बरेच पेशंट तिथेच थांबतात, पुढच्या बैठकीच्या तारखेला येत नाहीत. नस काढलेली असते, पोकळीत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरलेले असते. ते काही आठवड्यांपुरतेच असते. झिजते, कडेने लाळ आत शिरते, पुन्हा जंतू वाढतात. नस गेलेला, वर कॅप न बसलेला दात एक दिवस भाकरीच्या कडेवर उभा चिरतो आणि मग तो काढण्यावाचून इलाज उरत नाही. पेशंटचे झालेल्या बैठकीचे पैसे वाया जातात, दात जातो तो वेगळाच. तिकडे चुकलेल्या बैठकीच्या पाऊण तासात दंतवैद्याची खुर्ची रिकामी असते आणि ठणका लागलेला दुसरा कुणीतरी ‘आज नंबर नाही’ ऐकून परत गेलेला असतो.

ब्लडप्रेशर आणि मधुमेहात हेच घडते, फक्त सावकाश. तिथे तर सुरुवातीलाही दुखत नाही. गोळ्या संपल्या म्हणून डोके दुखेलच असे नाही. चुकलेल्या तारखेचा हिशेब चार-पाच वर्षांनी डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडात किंवा अर्धांगवायूच्या रूपाने समोर येतो. म्हणून आपोआप जाणाऱ्या आठवणीच्या संदेशांकडे मोठ्या हॉस्पिटलांची सोय म्हणून न पाहता, सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि तालुक्याच्या साध्या दवाखान्यांत त्यांची नीट व्यवस्था उभी राहिली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. त्याला एक अट जोडायची आहे. ज्या आठवणीला पेशंट उत्तर देऊ शकत नाही, ती अर्धी फुकट जाते. आज आपल्याकडे जाणाऱ्या बहुतेक आठवणी तशाच आहेत.

आठवणीचा उपयोग होतो का, याबद्दल आता शंका घेण्याचे कारण नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात आठ चाचण्या आणि साडेसहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. काहीच आठवण न केलेल्या गटात १०० पैकी सुमारे ६८ जण वेळेला हजर होते, एसएमएस गेलेल्यांत सुमारे ७९ आणि माणसाने फोन केलेल्यांत सुमारे ८०. म्हणजे संदेश आणि फोन यांत जवळपास फरक नाही, आणि संदेशाला खर्च कितीतरी कमी. पण त्याच आकड्यांत दुसरीही गोष्ट दिसते. फोन करूनही २० जण आले नाहीत. ते बहुधा विसरले नव्हते. त्यांना येता आले नाही, किंवा यावेसे वाटले नाही.

सरकारी दवाखान्यात न येण्यामागे फी हे कारण आता उरलेले नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. बुडते ती मजुरी. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. बीपी मोजून ३० गोळ्या घेण्यासाठी तेवढे सोडायचे. सोबत कुणी लागले तर दोघांचे. त्यात सकाळची एसटी चुकली तर दवाखान्यात पोचेपर्यंत ओपीडी बंद व्हायची वेळ. अशा माणसाला ‘विसरू नका’ एवढेच सांगणारा संदेश त्याच्या अडचणीला हातच लावत नाही.

म्हणून सुरुवात संदेशापासून करू नये, तारीख देण्यापासून करावी. बीपीच्या गोळ्या ३० दिवसांच्या देतात. तारीख ३० व्या दिवसाची दिली तर एक दिवस जरी हुकला तरी डोस तुटतो. २८ व्या दिवसाची दिली तर हाताशी दोन गोळ्या राहतात, आणि दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे वार बदलत नाही. तो वार बाजाराचा निवडला तर माणूस तसाही तालुक्याला येणार असतो. मंगळवारच्या बाजाराला आलेली बाई पिशवी सिस्टरच्या टेबलाखाली ठेवून दहा मिनिटांत बीपी मोजून जाते. एवढ्या एका बदलाने जे साधते ते चार संदेशांनी साधत नाही. दिनदर्शिका समोर ठेवूनच तारीख द्यावी. अमावस्येला किंवा पितृपक्षात मोतीबिंदूचे ऑपरेशन ठेवले तर अनेक घरांतून पेशंट येणार नाही, हे तारीख देतानाच ठाऊक असते. त्यावर वाद घालण्यापेक्षा दोन दिवस पुढची तारीख द्यावी. आषाढीच्या आधी वारीला जाणारे कोण, दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणारे कोण, हे विचारून घेतले की त्यांच्या हाती जादा गोळ्या आणि कारखान्याच्या गावाजवळच्या केंद्राचे नाव देता येते. तारीख जितकी लांबची तितकी ती चुकण्याची शक्यता जास्त, हे तर कुठल्याही दवाखान्याची वही सांगेल.

आता नंबर. चुकणाऱ्या आठवणींतला मोठा वाटा इथेच जातो. म्हातारीच्या केसपेपरवर नंबर असतो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. त्याला संदेश मिळतो, तो मीटिंगमध्ये असतो, रात्री आईला फोन करायचा राहून जातो. कुणाचे सिम बदललेले असते, कुणाचे रिचार्ज संपून इनकमिंगही बंद झालेले असते. उपाय अगदी साधा आहे आणि तो काउंटरवरच करायचा आहे: नंबर लिहून घेतला की लगेच त्यावर रिंग द्यायची. फोन समोरच वाजला तर ठीक. नाही वाजला तर विचारायचे, ‘हा फोन कुणाकडे असतो?’ आणि नंबरापुढे तेही लिहायचे: स्वतः, मुलगा, सून, शेजारी. दुसरा नंबर मागून ठेवायचा. त्याच रिंगने दवाखान्याचा नंबर पेशंटच्या फोनमध्ये जातो. तो तिथल्या तिथे नावासकट सेव्ह करून दिला की पुढे अनोळखी नंबर म्हणून कापला जात नाही. दर तीन-चार महिन्यांनी ‘नंबर तोच आहे ना?’ हा प्रश्न केसपेपर काढतानाच विचारावा.

लहान मुलांच्या लसीकरणात नंबराच्या जोडीने गावही बदलते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बाळाची नोंद माहेरच्या उपकेंद्रात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी तिथे होतात. त्यानंतर गोवर-रुबेलाची लस थेट नवव्या महिन्यात. मधल्या जवळपास सहा महिन्यांत आई सासरी गेलेली असते आणि आठवण जाते आजोबांच्या फोनवर, ऐंशी किलोमीटर लांबच्या उपकेंद्राचे नाव घेऊन. यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या यंत्रणेवर नोंद असलेल्या बाळाला देशात कुठेही लस मिळू शकते. मग चौदा आठवड्यांची लस देतानाच आईला विचारावे, ‘नवव्या महिन्यात कुठे असाल?’ आणि आठवण त्या गावच्या केंद्राची, तिच्या स्वतःच्या नंबरावर लावावी.

संदेशाच्या तांत्रिक बाजूकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण मराठी संदेश तिथेच फसतो. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा फक्त ७०. त्यापुढे गेले की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, कारण जोडणीची माहितीही त्यातच बसवावी लागते. शिवाय मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्ष’ आपल्याला एक दिसतो, फोनच्या हिशेबात तो तीन. हा संदेश पाहा: ‘उद्या बुधवारी सकाळी १०.३० वाजता तपासणी. येणार असाल तर १, नाहीतर २ कळवा’. रिकाम्या जागा धरून बरोबर ७०. पूर्णविरामालाही जागा उरली नाही, आणि यात दवाखान्याचे नाव नाही, तारीखही नाही. त्याहून मोठा दोष असा की हा संदेश अक्षरी हेडरवरून, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नंबराऐवजी नावाची अक्षरे दाखवून, गेला तर त्यावर ‘१’ किंवा ‘२’ पाठवताच येत नाही. असे हेडर उत्तर स्वीकारत नाहीत. पेशंट उत्तर पाठवायला बसतो, ते जात नाही, आणि पुढच्या वेळी तो प्रयत्न करत नाही.

तेव्हा दोन तुकड्यांचा, १३४ अक्षरांत बसणारा संदेश करावा. दोन तुकड्यांचा खर्च मिळून रुपयाच्या आत राहतो. तिथे कंजुषी करण्यात अर्थ नाही. वार, तारीख, वेळ, दवाखान्याचे नाव, आणि ‘येणे जमत नसेल तर या नंबरावर मिस्ड कॉल द्या’ म्हणून एक साधा दहा आकडी नंबर. मिस्ड कॉल ही भाषा आपल्याकडे सगळ्यांना येते. बॅलन्स खर्च होत नाही, लिहिता येणे लागत नाही. ‘उद्या’ हा शब्द टाळावा, कारण संदेश रात्री उशिरा पोचला किंवा सकाळी उघडला तर उद्याचा परवा होतो. ‘बुधवार, १२ ऑगस्ट’ असेच लिहावे. संदेशात लिंक घालू नये आणि पैसे कधीच मागू नयेत. अपॉइंटमेंट पक्की करण्यासाठी पाच-दहा रुपये भरा म्हणून खाते रिकामे करणारे भामटे याच वाटेने येतात. ‘आमच्या संदेशात लिंक नसते’ ही पाटी काउंटरवर लावलेली बरी.

वेळ चुकली तरी आठवण वाया जाते. एकच संदेश आदल्या रात्री पाठवण्याची पद्धत सोयीची आहे, पण तोवर सोबतीला कुणाला सुट्टी घ्यायला सांगण्याची, मुकादमाला कळवण्याची वेळ गेलेली असते. तीन दिवस आधी पहिला संदेश, तो व्यवस्था करण्यासाठी. दुसरा आदल्या दिवशी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, शेतावरून माणसे घरी आल्यावर, तो तयारीसाठी. या दुसऱ्या संदेशात काय आणायचे ते हवे: जुना केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटे. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर ‘सकाळी चहासुद्धा नको’ इतके स्पष्ट लिहावे. नुसते ‘उपाशीपोटी या’ म्हटले की चहा-बिस्किट झालेले असते, कारण आपल्याकडे चहा खाण्यात मोजत नाहीत. मग पेशंट येतो आणि तपासणी न होताच परत जातो. वहीत तो हजर असतो, पण फेरी बुडालेलीच असते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज. गरोदर आणि बाळंत बायांना आठवड्याच्या आठवड्याला ध्वनिसंदेश देणारी आरमान संस्थेची एममित्र सेवा मुंबईच्या वस्त्यांत बरीच वर्षे चालू आहे. तिच्यातून शिकण्यासारखी गोष्ट ही की फोन कोणत्या वेळी यावा ते बाईने स्वतः निवडायचे असते. घरातला एकच फोन नवऱ्याबरोबर कामावर जात असेल तर दुपारच्या फोनचा काय उपयोग? तिथल्या कामात पुढे गूगलच्या संशोधकांच्या मदतीने, कोणत्या बाया ऐकणे सोडण्याच्या बेतात आहेत याचा अंदाज बांधून माणसाने करायचे मोजके फोन त्यांच्याकडे वळवण्यात आले. यंत्राचा असा उपयोग आम्हाला पटतो: माणसाचा वेळ कमी आहे, तो जिथे लागेल तिथेच लावणे. तालुक्याच्या पातळीवर एवढे गणित नसले तरी चालेल. मागच्या तीनपैकी दोन तारखा चुकवलेल्यांना संदेश न पाठवता सिस्टरने स्वतः फोन करायचा, हा नियम वहीवरही चालतो. ध्वनिसंदेश खानदेशात अहिराणीत आणि सिंधुदुर्गात मालवणीत, तिथल्याच सिस्टरच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला तर पहिल्या पाच सेकंदांत तो कापला जाण्याची शक्यता कमी होईल.

गोपनीयतेबाबत मात्र तडजोड नको. फोन घरात चार जणांच्या हातात फिरतो. ‘तुमच्या टीबीच्या गोळ्या’, ‘मानसोपचार ओपीडी’, ‘एआरटी केंद्र’ (म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराचे) हे शब्द पडद्यावर झळकले की एखाद्या सुनेचे घरातले दिवस बदलतात. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आणि त्याच वर्षीचा एचआयव्हीविषयक कायदा, तिन्ही पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यावर संमतीची चौकट घालतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की संदेशात रोगाचे, औषधाचे, विभागाचे नाव नसावे. ‘आपली तपासणी’ पुरते. आणि नोंद करतानाच विचारावे, ‘या नंबरावर संदेश पाठवला तर चालेल ना?’ नाही म्हणणाऱ्या बाईला कारण विचारू नये.

इथून पुढचा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. मिस्ड कॉल आला, पुढे काय? बऱ्याच दवाखान्यांत संदेश पाठवणारे सॉफ्टवेअर विकत घेतले जाते, पण येणाऱ्या उत्तरांकडे पाहणारे कुणी नेमलेले नसते. दिवसातून दोनदा, सकाळी ओपीडीआधी आणि दुपारी चारला, कुणीतरी ती यादी उघडून प्रत्येकाला परत फोन लावून नवी तारीख दिली पाहिजे. वीस मिनिटांचे काम आहे. ते नावाने एकाला सोपवलेले नसेल तर होत नाही. सुटलेली वेळ भरण्यासाठी ‘बोलावले तर तासाभरात येऊ शकतो’ अशांची, म्हणजे गावातच राहणाऱ्यांची, वेगळी यादी ठेवावी. दंतवैद्य आणि फिजिओथेरपीवाल्यांना तर ही यादी म्हणजे थेट उत्पन्न आहे.

जे आले नाहीत त्यांच्यासाठीही व्यवस्था हवी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथे वापरलेल्या सिंपल या ॲपमध्ये तारीख उलटून गेलेल्यांची यादी आपोआप तयार होते आणि सिस्टर तिथूनच फोन लावते. मोलाचा भाग ही यादीच आहे. फोनवर पहिले वाक्य ‘का आला नाहीत?’ असे असू नये. ‘गोळ्या किती उरल्यात?’ असे विचारले की माणूस बोलतो: संपल्या, किंवा गोळीने पाय सुजले म्हणून बंद केल्या. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात हे डॉक्टरांना ठाऊक असते. पेशंटने त्यासाठीच यायला हवे होते आणि त्याचमुळे तो आलेला नसतो. फोनलाही उत्तर नाही अशी उरलेली चार-पाच नावे आशाताईंकडे द्यावीत. पन्नास नावांचा कागद दिला तर तो त्यांच्या पिशवीतच राहील. त्यांच्याकडे आधीच कामांचा डोंगर आहे.

दंडाचा पर्याय हल्ली सुचवला जातो. खासगी दवाखान्याने लांबलचक बैठकीसाठी आगाऊ रक्कम घ्यावी आणि वेळेत कळवले तर परत करावी, यात गैर काही नाही. सरकारी दवाखान्यात मात्र न आलेल्याला रांगेच्या शेवटी टाकणे किंवा औषध अडवणे हे ज्याला येणेच जड जाते त्यालाच पुन्हा शिक्षा करणे आहे. लंडनच्या रुग्णालयांत एका चाचणीत, चुकलेल्या वेळेमुळे आरोग्यसेवेला किती पौंडांचा फटका बसतो ते संदेशात लिहिले, आणि न येणाऱ्यांचे प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ वर आले. ते वाक्य आपल्याकडे तसेच उचलू नये. मजुरी बुडवून येणाऱ्याला सरकारचा तोटा ऐकवणे बरे दिसत नाही. पण संदेश तोच, खर्च तोच, केवळ शब्द बदलल्याने आकडा हलतो, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘तुमची वेळ राखून ठेवली आहे, जमत नसेल तर कळवा, ती दुसऱ्या पेशंटला देऊ’ हे आपल्याकडे समजते आणि लागूही पडते.

राहिला प्रश्न सरकारने काय करायचे. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार असा संदेश पाठवायचा तर पाठवणाऱ्याची, त्याच्या हेडरची आणि प्रत्येक मजकुराची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंद करावी लागते. मजकुरातला एक शब्द बदलला तरी नव्याने मंजुरी. २०२५ पासून हेडरच्या शेवटी प्रचारासाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, सरकारी संदेशासाठी ‘जी’ अशी खूणही येते. ग्राहकाच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. पण एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला आणि दोन सिस्टरच्या आरोग्य केंद्राला हा व्याप झेपत नाही. मग कंपाउंडर स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सॲप करतो, आणि तो नोकरी सोडून गेला की सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात. राज्याच्या आरोग्य विभागाने एक सामाईक हेडर, मराठीत तपासून मंजूर केलेले आठ-दहा मजकूर आणि मिस्ड कॉलची एक यंत्रणा उभी करून ती सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्यावी. नोंदणीकृत छोट्या दवाखान्यांनाही माफक दरात वापरू द्यावी.

आणि त्याचा आढावा घेताना ‘इतके लाख संदेश पाठवले’ हा आकडा मागू नये. पाठवलेला आणि पोचलेला वेगळा, पोचलेला आणि वाचलेला वेगळा. प्रत्येक केंद्राकडून महिन्याला तीन आकडे घ्यावेत: तारीख दिलेल्यांपैकी किती आले, न आलेल्यांपैकी किती जणांनी आधी कळवले, आणि न कळवता राहिलेल्यांपैकी किती जण पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा उपचारावर आले. मधला आकडा शून्य असेल तर त्या केंद्राच्या मिस्ड कॉलच्या नंबरावर स्वतः एकदा फोन लावून पाहावा.